रिले गप्प झाला त्या हंगामात

परवा वाळूजच्या पुढं, गंगापूरच्या रस्त्याला, कापसाच्या एका टेम्पोमागं अडकले. ताडपत्री धड बांधलेली नव्हती. वाऱ्यानं सुटलेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना लटकत चालले होते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार झाले होते. मी मात्र काच खाली केली आणि तो वास आत घेतला. कोरडा, जरासा तेलकट, सरकीचा. या दिवसांत लोकांना हुरडा सुचतो, कुणाला म्हैसमाळची थंडी सुचते. मला जिनिंगचा हंगाम आठवतो आणि स्टिअरिंगवरच्या हातांना घाम सुटतो. ऐन थंडीत घाम! नवरा म्हणतो, तुझं वायरिंगच उलटं केलंय देवानं.

असेलही. माझा धंदाच तसा आहे. कारखान्यांतल्या मोटरी का बंद पडतात ते मी शोधते, असं मी पाहुण्यारावळ्यांना सांगते, कारण ते चटकन कळतं. खरं काम जरा वेगळं आहे. मोटर बंद पडायला हवी तेव्हा ती नक्की बंद पडेल ना, हे मी बघते. त्यासाठी पॅनेलमध्ये रिले नावाची एक डबी बसवलेली असते. वीज तिच्या वाटेनं न जाता भलतीकडं झिरपायला लागली, की ही डबी मोटर बंद करून टाकते. एखाद्या घरात सारखी टोकणारी आत्या असते ना, 'गॅस बंद केलास का, कडी लावलीस का', तशी. आत्या कुणालाच आवडत नाही. ती गावाला गेली की घर सुटकेचा श्वास टाकतं. मला मात्र आयुष्यभर या आत्यांचीच बाजू घेऊन भांडावं लागलं आहे.

भांडायची सवय तशी लहानपणापासूनची. आमच्या गंगापूरकडच्या शेतात विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये काडेपेटीची रिकामी डबी खुपसून ठेवलेली असायची, म्हणजे काहीही झालं तरी बटण सुटू नये. फ्यूजच्या जागी जाड तार. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "अगं, सारखं पडतंय ते. पानी कवा द्यायचं मंग?" पडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय, हे त्यांना कधी पटलं नाही. मोटर जळाली की ते नशिबाला बोल लावायचे आणि नवीन मोटरीतही डबी खुपसायचे. माझी चिडचिड तेव्हापासूनची आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

पण मी सांगत होते त्या हंगामाचं. सोयगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी त्या वर्षी हेलपाटे घालत होते. शहरातून निघायचं, सिल्लोड मागं टाकायचं, अजिंठ्याचा घाट उतरायचा, की हवा बदलायची आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं लागायची. वेचणी झालेल्या रानांत मेंढ्या बसलेल्या. जिनिंगच्या फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग थेट डांबरी रस्त्यापर्यंत आलेली. आत अंगणात कापसाचा ढीग, घराएवढा उंच. त्या ढिगातून एक जाड पाइप कापूस ओढून हॉलमध्ये नेतो, तिथं सरकी आणि रुई वेगळी होते. हे ओढायचं काम एका मोठ्या पंख्याचं, आणि पंखा फिरवते ती मोटर हॉलच्या दाराशीच बसवलेली. ती थांबली की सगळं जिनिंग थांबतं. आणि ती मोटर दसऱ्यापासून अधूनमधून थांबत होती. रिले तिला थांबवत होता.

त्या हंगामातली माझी सगळी धास्ती एका बाईच्या हाताभोवती होती.

केसराबाई तिचं नाव. धनगराची. नवरा कधीचा वारलेला, दोन्ही लेक मेंढरं घेऊन खाली नदीकडं गेलेले, आणि ही हंगामभर जिनिंगमध्ये मोटरीजवळचा कापूस सारायच्या कामावर. उंच, काटक, पायात काही नाही. तिची एक रीत होती. पाळी सुरू होताना, चहाच्या सुट्टीनंतर, म्हणजे मोटर जेव्हा जेव्हा सुरू व्हायची तेव्हा, ती पुढं यायची, चालू मोटरीच्या अंगावर उजवा तळहात ठेवायची आणि मग तो कपाळाला लावायची. तिचं झालं की बाकीच्या बाया लांबूनच हात जोडून कामाला लागायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काय करता हो केसराबाई?" ती म्हणाली, "काय न्हाय. मेंढराच्या पाठीवर हात ठिवतो न्हाय का आपन सकाळी, रानात सोडताना? तसंच. गरम लागती, थरथरती. जित्ती हाय म्हनायची."

मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं होतं. आणि त्याच क्षणी माझी नजर तिच्या पायांखाली गेली होती. कारण त्या दाराशी फरशी कायम ओली. रुई दाबून गठाण बांधण्याआधी तिच्यावर पाणी फवारतात, ते वाहत वाहत मोटरीपाशी येतं. ओल्या फरशीवर अनवाणी बाई, तिचा उघडा हात लोखंडावर, आणि त्या लोखंडात कुठूनतरी वीज झिरपतेय असं माझा रिले मला सांगतोय. हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही.

तिथले मॅनेजर म्हणजे सुदामअण्णा. पंचक्रोशीतले बागायतदार, निम्मी भावकी गाड्या घेऊन त्यांच्याच फाटकाशी उभी. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मला जेवल्याशिवाय कधी घाट चढू दिला नाही त्यांनी. पण मोटर थांबली की त्यांचा जीव थांबायचा.

"मॅडम, ती डबी काढून टाका बरं एकदाची," ते म्हणायचे. "डबी नव्हती तवा काय जिनिंग चालत नव्हतं का? माझ्या बापानं चालवलंय."

"अण्णा, ती केसराबाई रोज मोटरीला हात लावते. डबी काढली आणि बाई चिकटली तर?"

"काय अभद्र बोलता राव भल्या सकाळी!"

म्हणजे बोलणारी मी अभद्र. झिरपणारी वीज शुभ!

मोटरही माझ्याशी खोडीलपणानं वागत होती. पहाटेच्या दमटपणात ती हमखास पडायची. मी शहरातून पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं, आणि मी पॅनेलपासून मीटर लावून तपासलं की सगळं निकोप. दवाखान्याच्या पायरीवर आलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं. मोटरीवरच्या जोडणीच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं, पण ते पंख्याच्या पट्ट्याभोवतीच्या जाळीमागं होतं. जाळी काढायची म्हणजे अर्धा दिवस मोटर बंद. "अर्धा दिवस?" अण्णा असे बघायचे की मी त्यांचं मूत्रपिंड मागितलंय.

हॉलमध्ये आणखी एक कुजबुज सुरू झाली होती, ती मला उशिरा कळली. खंडेनवमीला जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा होते. पॅनेलला झेंडूचा हार, मोटरीला हळदकुंकू, आणि मोटरीवरच नारळ फोडून त्याच्या पाण्यानं तिला न्हाऊ घालायचं, अशी तिथली रीत. दरवर्षी हा मान पाळीतल्या सगळ्यात जुन्या बाईचा. त्या वर्षी ती केसराबाई होती. तिनं नारळ फोडला आणि तेव्हापासूनच मोटर पडायला लागली. एवढं लोकांना पुरे झालं. कुंकू पुसलेल्या बाईनं नारळ फोडला, मग दुसरं काय होणार? तोंडावर कुणी बोलत नव्हतं. पण तिच्याशेजारी डबा उघडायला कुणी बसेनासं झालं होतं. ती आपली भाकरी दाराबाहेर, कापसाच्या ढिगाला टेकून एकटी खायची. हे मला तिनं नाही, रशीदभाईंनी सांगितलं. रशीदभाई म्हणजे तिथले वायरमन. उतारवयाचे, दमेकरी, हंगामभर दाढीत कापूस. "लोगां का मुँह कौन बंद करता मॅडम," ते म्हणाले आणि खोकत निघून गेले.

मला इतका राग आला होता. आणि राग आला तरी माझ्या हातात काय होतं? मला अजून दोष सापडलेला नव्हता.

हे लिहिताना शहरातल्या छावणी भागातल्या माझ्या घरात शांतता आहे. बाहेर कुठंतरी भाजीवाला ओरडतोय. आता कारखाने किती पुढं गेलेत! मोटर कण्हली तरी माझ्या फोनवर निरोप येतो, पडद्यावर लाल अक्षरांत दोषाचं नाव. मागच्या आठवड्यात एका चकचकीत कारखान्यात गेले, काचेची दारं, पायपुसण्यावर कंपनीचं नाव. पॅनेल उघडलं तर आतल्या रिलेच्या बटणाला चिकटपट्टी लावलेली, दाबलेलंच राहावं म्हणून. लावणारा पोरगा अगदी सुशिक्षित, इंग्रजी फाडफाड बोलणारा. मी हसले. मग बराच वेळ हसू येईना. गंगापूरची काडेपेटी आणि ही चिकटपट्टी यांत मला तरी काही फरक दिसला नाही.

तर त्या दिवशी मी अण्णांकडून अर्धा दिवस भांडून घेतला होता. सकाळी घाट उतरले तेव्हा आभाळ भरून आलेलं. ऐन कापसाच्या दिवसांत असं आभाळ म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. फाटकाशी गाडीवाले ओरडत होते, ताडपत्र्या ओढाओढ चाललेली, वारा ओला. अण्णा मला बघून चक्क हसले. कित्येक दिवसांनी.

"मॅडम, आता कशाला उघडता? कालपास्नं एकदाबी पडली न्हाय. आपोआप बरी झाली बघा. तुमचा पायगुन!"

मी जिथल्या तिथं उभी राहिले. इतक्या दमट हवेत, असं आभाळ आलेलं असताना, मोटर पडली नाही? माणसाचा ताप आपोआप उतरतो. वीज झिरपायची आपोआप थांबत नाही. माझ्या अनुभवात तरी एकदाही नाही.

"डबी काढलीत तुम्ही?" मी विचारलं.

"आईची आन! तुमचं सील हाय की तिच्यावर. जाऊन बघा."

मी पॅनेलकडं धावले. सील जागेवर, डबी जागेवर, तिचा हिरवा दिवा शांत. सकाळपासून जास्तीत जास्त किती वीज भलतीकडं गेली तो आकडा तिच्या पडद्यावर राहतो. एरवी अशा हवेत तो चढलेला असायचा. आज जवळजवळ काहीच नाही. ही आत्या गावाला गेलेली नव्हती, घरातच होती आणि तिला काही दिसतच नव्हतं. म्हणजे वीज तिच्या नजरेच्या वाटेवरून जायची थांबली होती. मग ती होती कुठं?

तेवढ्यात चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. माझ्या शेजारीच रशीदभाईंनी मोटरीचं बटण दाबलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, आणि ते बघत नव्हते हेही मला दिसलं. मी हॉलकडं पळाले.

जिनिंगमध्ये हंगामात सगळं पांढरं असतं. तुळया, तारा, जाळ्या, माणसांच्या पापण्या, सगळ्यांवर रुईची लव. मोटरीच्या पायाशी अर्थिंगची लोखंडी पट्टी जमिनीतून वर येते. अंगावर झिरपलेली वीज सुखरूप मातीत नेऊन सोडायचं काम तिचं, आणि तिच्यातून वीज गेली की रिलेला कळतं. त्या सगळ्या पांढऱ्यात मला एकच जागा काळीभोर, स्वच्छ, चकाकणारी दिसली. पट्टीचं टोक. बोल्ट काढलेला. पट्टी मोटरीपासून बोटभर दूर वाकवून ठेवलेली.

त्यांनी आत्याला हात लावला नव्हता. तिचा कानच कापला होता. पट्टी काढली, की वीज मातीत जात नाही. मातीत जात नाही, म्हणून रिले गप्प. आणि मोटरीखाली हादरे बसू नयेत म्हणून रबराच्या गाद्या, त्यामुळे खालूनही वाट नाही. म्हणजे ती सगळी वीज मोटरीच्या अंगावरच दबा धरून बसलेली, कुणी वाट करून देतंय का बघत. असा उद्योग आपल्याकडं हजार ठिकाणी चालतो, आणि करणाऱ्याला वाटतं आपण फार डोकं लढवलं.

बाया दारातून आत येत होत्या. मोटर वेग घेत होती, पंख्याचा आवाज अजून चढायचा होता. सगळ्यात पुढं केसराबाई, काल नदीकडं लेकांना भेटायला गेलेली, चहाच्या सुट्टीतच कामावर परतलेली. पदर खोचलेला, पायाखाली ओली फरशी, उजवा हात पुढं आलेला. माझ्या आणि तिच्यामध्ये कापसाचा ओट्याएवढा ढीग.

"हात लावू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "केसराबाई, मोटरीला हात लावू नका!"

ती थांबली. हात मोटरीपासून इतका जवळ की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. तिनं हात हळूच मागं घेतला, पदराखाली नेला. हॉलमधल्या साऱ्या बाया तिच्याकडं बघत होत्या.

"तुमीबी मॅडम?" ती म्हणाली. "समदे म्हनत व्हते, म्हनू द्या म्हनलं. तुमी तर शिकलेल्या. तुमालाबी वाटतं व्हय, माज्या हातानं इटाळ झाला म्हनून?"

मी तिचा जीव वाचवला होता आणि चारचौघांत तिला मारलंही होतं, एकाच वाक्यात. समजावून सांगितलं असतं तरी त्या घडीला कुणी ऐकलं नसतं. मी पिशवीतून तपासणीचा बल्ब काढला. साधा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी. हातमोजे चढवले. एक टोक शेजारच्या, जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबाला लावलं, दुसरं मोटरीच्या अंगाला टेकवलं.

बल्ब लागला.

कुणाच्या घरात लागतो तसा, निवांत, पिवळा. मोटरीच्या उघड्या लोखंडावर लागला. बायांमधून एक आवाज उठला, श्वास आत ओढल्याचा. अण्णा दारात आले होते, त्यांनी चौकट धरली. "बंद करा," मी म्हणाले, पण माझ्यामागं हॉलमध्ये आलेल्या रशीदभाईंनी त्याआधीच दाराजवळचं बंदचं बटण दाबलं होतं. पंखा कण्हत कण्हत थांबला आणि ते तिथंच रिकाम्या पोत्यांवर बसले.

"अण्णा बोले पट्टी निकालो, तो निकाल दिया," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "इत्ता होएंगा करके नै सोंचा मैं. अल्ला कसम, नै सोंचा."

केसराबाई बल्बकडं बघत होती. बल्ब कधीचा विझला होता, तरी ती तिकडंच बघत होती.

मग जाळी निघाली, झाकण निघालं. झाकणाखाली रबराची पट्टी असायला हवी, ती नव्हतीच. किती वर्षांपूर्वी गळून पडली असेल देव जाणे. आत जोडणीच्या फळीवर एक काळी, जळकी रेघ, एका टोकापासून थेट मोटरीच्या अंगापर्यंत. रेघेत चिकट, सुकलेलं काहीतरी. त्यात नारळाच्या शेंडीचे दोन केस आणि कुंकवाचा लाल डाग.

बाहेर वारा उठला होता. ताडपत्र्या फडफडत होत्या. मी हातात ते झाकण घेऊन उभी होते आणि मला त्या डब्यात पाहिलेलं कुणालाच दाखवू नये असं वाटत होतं. पण माझ्या खांद्यावरून अण्णा डोकावलेच.

"नारळाचं पानी!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अशी सुटका होती की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. "बघा. म्हनजे कुजबुज व्हती ती काय खोटी नव्हती. त्या बाईनं फोडला आन्—"

"अण्णा, नारळ कुणीही फोडला असता तरी पाणी आतच गेलं असतं," मी म्हणाले. मला हळू बोलायचं होतं, ते जमलं नाही. "तुमच्या घरच्या लक्ष्मीनं फोडला असता, मी फोडला असता, तरी. गळत्या कौलाखाली कोण झोपलंय बघून पाऊस पडतो का? झाकणाला रबर नव्हतं हा दोष. तो आत्या बोंबलून सांगत होती." कोण आत्या, हे अण्णांना अर्थातच कळलं नाही. "आणि नारळाच्या पाण्यानं कुणी मरणार नव्हतं. मरणार होतं ते अर्थिंगची पट्टी काढल्यानं. ती केसराबाईंनी नाही काढली."

अण्णांनी मान खाली घातली. मग वर आभाळाकडं पाहिलं. "किती येळ लागंल?" एवढंच विचारलं.

लागायचा तेवढा लागला. जळकी फळी काढून रशीदभाईंनी भंगारातल्या मोटरीची दुसरी आणली, मी ती तपासली, दोनदा पुसली. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून झाकणाला बसवलं. पट्टी जागेवर आली, आणि दुसऱ्या बाजूनं आणखी एक पट्टी, एक सुटली तरी दुसरी राहावी म्हणून. रशीदभाईंनी बोल्ट असे आवळले की दमा उसळला. एव्हाना थेंब आले होते. अंगणातल्या ढिगाची एक कड भिजलीच. फाटकाशी अण्णांच्या भावकीतलं कुणीतरी माझ्या आईबापाचा उद्धार करत होतं, मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी काम सोडून बाहेर गेले नाही, आणि घाईही केली नाही. आपल्यामुळे लोकांचं वर्षभराचं पीक भिजतंय, हे माहीत असून हात सावकाश चालवायचे, हे फार अवघड असतं.

सगळं झाल्यावर मी बटण दाबायला सांगितलं. मोटर उठली, पंख्यानं सूर धरला. बल्ब लावून पाहिला, लागला नाही. मीटर लावून पाहिलं, काही नाही. रिलेचा आकडाही शांत, आणि आता त्या शांततेवर माझा विश्वास होता.

बाया दाराशी उभ्या होत्या. कुणी आत येईना. त्या केसराबाईकडं बघत होत्या, कारण सुरुवात तिच्या हातानं व्हायची, आणि केसराबाई भिंतीला लागून उभी होती. दोन्ही हात पदराखाली. तिनं बल्ब पेटलेला पाहिला होता, कुंकवाचा डाग पाहिला होता, अण्णांचं बोलणं ऐकलं होतं. मी म्हणाले, "केसराबाई, आता काही भीती नाही. या." तिनं नुसती मान हलवली. ती विजेला भीत नव्हती. मी भर हॉलमध्ये तिला हात लावू नका म्हणाले होते, आणि ते मी कितीही समजावलं तरी तिथंच लटकत राहणार होतं. ही मोटर ती पुन्हा कधी शिवणार नाही, हे मला दिसलं. आणि ती शिवली नाही, तर उद्यापासून ती दाराबाहेरच भाकरी खाणार, तेही दिसलं.

मग मी जे केलं ते माझ्या धंद्यातल्या कुठल्याच नियमात बसत नाही, आणि माझ्या हाताखालच्या कुणी केलं तर मी त्याला कामावरून काढीन. मी हातमोजे काढले. बूट काढले, मोजे काढले. फरशी बर्फासारखी गार होती, पाणी बोटांमधून वर आलं. दोन पावलं पुढं गेले. मीटरनं सांगितलं होतं, बल्बनं सांगितलं होतं, मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी भ्याले होते. बाया बघत होत्या. मी उजवा तळहात चालू मोटरीवर ठेवला.

गरम लागली. आतून थरथरत होती, थेट कोपरापर्यंत. केसराबाई म्हणाली होती तशी, जित्ती. मला तिथून हात काढवेना. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला दुसरा हात उचलायचंही सुचत नव्हतं.

किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. मग माझ्या हाताशेजारी एक काळा, भेगाळलेला हात येऊन टेकला. केसराबाईनं तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग कपाळाला लावला. मागं बायांची हालचाल सुरू झाली, कुणीतरी कुणाला तरी ढकललं, कुणीतरी हसलं.

केसराबाईनं माझं मनगट धरलं, मोटरीवरून माझा हात उचलला आणि बाजूला केला.

"बूट घाला मॅडम," ती म्हणाली. "फरशी लई गार हाय. सवय न्हाय तुमाला."